तीन ग्रॅम

आमच्या प्रयोगशाळेत दगडांना नावं नसतात,
नंबर असतात.
पिवळ्या रंगात बुडवलेला बारीक ब्रश,
एक ते तीनशे बारा.
प्रत्येकाचं वजन वहीत, प्रत्येकाचे कोपरे कॅमेऱ्यात,
मग सगळे पोलादी पिंपात
आणि वरून ओझं:
दाब, सोड. दाब, सोड.
किरुनाहून लोखंडाचा दगड भरून येणाऱ्या गाडीचं
एकेक चाक
या खोलीत येऊन जातं,
रूळ नसताना, गाडी नसताना.

पाच लाख वेळा.
सहा दिवस, सहा रात्री.
लुलेओत जानेवारीतला दिवस म्हणजे
जेवणाच्या सुट्टीपुरती खिडकीत कुणी ठेवलेली बत्ती,
त्यामुळे मोजायला रात्रीच सोप्या.

रूनार म्हणतो, खडी गोल झाली की संपली.
नदीतले गोटे दिसायला देखणे,
पण ढीग केला की घरंगळतात,
कुणी कुणाला धरत नाही.
खडीला आडमुठा कोपरा हवा,
शेजाऱ्याच्या बरगडीत घुसणारा,
तेव्हा कुठे रूळ जागेवर राहतो.
हे दगड टाकीचे घाव सोसून देव झाले नाहीत.
सुरुंगाने फुटले
आणि तसेच कामाला लागले.

पाचव्या दिवशी वडील आले,
ग्यालिवारेहून बसने,
पिशवीत रेनडियरचं वाळवलेलं मांस
आणि माझ्यासाठी न विचारता विणवून घेतलेले मोजे.
चाळीस हिवाळे ते रुळावर होते.
रूळ खचला की उचलायचा,
यंत्राचे दात खडीत खुपसून
ती ठोकून ठोकून खाली दडपायची.
रूळ वर येतो, खडी थोडी मरते,
हे मला त्यांनी सांगितलेलं,
विद्यापीठाने बरंच नंतर.

त्यांनी टोपी काढली, पिंपाला कान लावला.
दाब, सोड. दाब, सोड.
"फुटला एक," म्हणाले. "खाली, डाव्या अंगाला."
पडद्यावरची रेघ सपाट होती.
तरी मी वहीत वेळ टिपून ठेवली.

सातव्या दिवशी सकाळी पिंप उघडलं.
अंडी काढावीत तसे एकेक दगड काढले.
तीनशे बारा.
फुटलेला एकही नाही.
वडिलांनी कानातलं यंत्र काढलं,
त्यात फुंकर मारली,
खिशात टाकलं,
आणि खिडकीबाहेर बराच वेळ बर्फ बघत बसले.

नंबर बरेच पुसले गेले होते.
दोनशे चौदा तेवढा वाचता आला:
आधी एकशे शहाऐंशी ग्रॅम,
आता एकशे त्र्याऐंशी.
"तीन ग्रॅम," मी म्हटलं.
यंत्र खिशात होतं, त्यांना ऐकू गेलं नसावं.
ते पिंपात वाकले होते, हात खांद्यापर्यंत आत.
तळाचं राखाडी पीठ त्यांनी तळव्यावर घेतलं,
आणि माझ्या स्वच्छ प्रयोगशाळेत, रूनारसमोर,
त्यावर थुंकले.
अंगठ्याने मळलं.
"हा," म्हणाले. "हाच.
मे महिन्यात बर्फ सुटलं की
स्लीपरखालून हाच चिखल उडायचा,
गुडघ्यापर्यंत, तोंडात.
आम्हाला वाटायचं, जमिनीतून येतो."

निबंधात मी लिहीन: कोपऱ्यांची झीज,
सरासरी, आलेख, तक्ता.
थुंकीचा उल्लेख कुठल्या परिच्छेदात बसत नाही.

पुढच्या खेपेचे दगड धुऊन वाळत ठेवलेत.
बस संध्याकाळची होती,
म्हणून ते स्टुलावर बसून नंबर घालत होते,
जीभ दातांत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
प्रत्येक आकडा पत्र्यावरच्या पाटीसारखा ठळक.

ते गेल्यावर कळलं,
त्रेसष्ट दोन आहेत.
एक जरा लांबट, एक ठेंगणा, दोघंही धारदार.
संगणक दोन त्रेसष्ट घेत नाही.
दोघांचं वजन केलं, वहीत एकाखाली एक लिहिलं.
फडकं हातात आहे.
अजून कुणाचाच पुसलेला नाही.